नावेचं नाव

मराठीत 'नाव' म्हणजे आपली ओळख, आणि 'नाव' म्हणजे होडीसुद्धा. शाळेत असताना या शब्दावरून आम्ही एकमेकींना कोडी घालायचो. आज सांगायची आहे ती एका बुडालेल्या नावेची गोष्ट. तिच्या लाकडाच्या शोभेच्या वस्तू झाल्या आणि तिचं नाव दुसऱ्याच एका नावेला मिळालं. ती दुसरी नाव आपल्या मुंबईत बांधलेली होती. डभोईसारख्या समुद्रापासून लांबच्या गावात बसून मी जहाजांची गोष्ट का सांगते, असं तुम्हाला वाटेल. डभोईचाही त्यात वाटा आहे, तो पुढे येईलच.

पहिल्या जहाजाचं नाव 'फूद्रोयां'. शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधारण 'विजेसारखं कोसळणारं'. जहाज मात्र इंग्रजांचं. फ्रेंचांकडून पूर्वी पकडलेल्या एका जहाजाचं हे नाव, ते त्यांना आवडलं, मग आपल्याच गोदीत बांधलेल्या नव्या जहाजाला त्यांनी ते दिलं. ८० तोफांचं हे जहाज १७९८ साली प्लिमथ इथे पाण्यात उतरलं. १७९९ मध्ये नेल्सनने त्याच्यावर आपलं निशाण चढवलं. हा नेल्सन म्हणजे पुढे १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत पडला तो. इंग्रजांना त्याचं किती अप्रूप, ते लंडनच्या भर चौकातला त्याचा उंच खांब पाहिला की कळतं. त्याचा हात ज्या कठड्याला लागला तो कठडाही त्यांना देवासारखा.

आरमाराचा हिशेब मात्र वेगळा असतो. म्हातारं झालेलं जहाज आधी शिकाऊ पोरांना तोफा शिकवायला ठेवलं आणि १८९२ साली भंगारात विकलं. विकणाऱ्यापासून पुढे ते जर्मन भंगारवाल्यांकडे गेलं. मग आरडाओरडा झाला. नेल्सनचं जहाज आणि जर्मनांच्या कुऱ्हाडीखाली! शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलने तर निषेधाची कविताच लिहिली. शेवटी व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने ते परत विकत घेतलं आणि सुमारे २०,००० पौंड घालून जसंच्या तसं उभं केलं. एवढे पैसे गेल्यावर ते थोडेतरी परत यायला हवेत, म्हणून किनाऱ्यावरच्या गावोगावी जहाज न्यायचं आणि तिकीट लावून लोकांना दाखवायचं असं ठरलं. आपल्याकडे जत्रेत तंबू लावून दाखवतात तसंच.

असं फिरत फिरत ते १८९७ च्या जूनमध्ये ब्लॅकपूलला आलं. लँकेशायरच्या गिरणीकामगारांचं हे सुट्टीचं गाव. आपल्या खानदेश-गुजरातेतला कापूस ज्या गिरण्यांत जायचा, त्यांतलेच हे कामगार. १६ जूनला वादळ झालं. नांगराची साखळी तुटली, जहाज समुद्रात शिरलेल्या लोखंडी धक्क्याला धडकून किनाऱ्याला लागलं, डोलकाठ्या मोडून पडल्या. वरची माणसं जीवरक्षक होडीने वाचवली, सगळीच्या सगळी. बरोबर सहा दिवसांनी, २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव होता. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. शाळेत आपण ती तारीख पाठ केलेली असते, पण त्याच आठवड्यात तिकडे नेल्सनचं जहाज वाळूत रुतून पडलं होतं, हे कुठल्या पुस्तकात शेजारीशेजारी येत नाही.

जहाज काही पुन्हा उठलं नाही. महिनोन् महिने लाटा खात पडून राहिलं आणि त्याच वर्षीच्या हिवाळी वादळांत फुटलं. मग सुरू झाला खरा बाजार. ओकच्या फळ्या, तुळया, खुंट्या जमवल्या गेल्या आणि त्यांतून हातातल्या काठ्या, डब्या, पेटारे, खुर्च्या आणि काय काय निघालं. जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो, तो लागू नये म्हणून ही तजवीज. ते तांबं वितळवून त्याची पदकं पाडली. एका बाजूला नेल्सन किंवा जहाज, आणि हे त्याच जहाजाचं तांबं आहे असा मजकूर. ब्लॅकपूलच्या फुटबॉल क्लबाच्या बैठकीच्या खोलीला या लाकडाची तावदानं बसवली होती, ती शंभर वर्षांहून जास्त टिकली. मैदानाची नवी बांधणी झाली तेव्हा, २००३ च्या आसपास, ती निघाली.

या वस्तूंचा एक ठरलेला थाट असतो. लाकूड घासूनपुसून चकचकीत, आणि त्यावर बोटभर पितळी पट्टी. पट्टीवर जहाजाचं नाव, एखाद्या सेनापतीचं नाव, बांधल्याचं साल, फुटल्याचं साल. खरी किंमत त्या पट्टीची. पट्टी काढली तर उरते ती एक साधी डबी, तशी कुठल्याही सुताराकडे मिळेल. आणि पट्टी काय, कुठल्याही लाकडावर ठोकता येते. म्हणून अशी वस्तू हाती आली की जाणकार आधी लाकूड बघतात आणि मग पट्टी. आपल्याकडे दागिना आधी कसाला लावतात, पावती नंतर वाचतात, तसंच ते.

फूद्रोयां हे काही पहिलं उदाहरण नव्हे. 'रॉयल जॉर्ज' नावाचं मोठं लढाऊ जहाज १७८२ च्या ऑगस्टमध्ये बंदराजवळ नांगरलेलं असताना डागडुजीसाठी एका अंगावर कलवलं आणि पाणी शिरून पाहता पाहता बुडालं. पन्नासेक वर्षांनी, १८३९ पासून, पॅस्ली नावाच्या कर्नलने दारूगोळ्याने त्याचा सांगाडा फोडून तुकडे वर काढले. त्या लाकडाच्या पातळ फळ्यांत बांधलेली तळहातावर मावतील एवढी पुस्तकं निघाली. आत त्याच जहाजाच्या बुडण्याची हकिकत. पुस्तकाचं कव्हर म्हणजेच त्या जहाजाचं कलेवर, असा तो प्रकार. ही पुस्तकं पुष्कळ खपली.

या जहाजाबद्दल वाचताना मी एका गोष्टीपाशी अडकले. जहाज बंदरात होतं, म्हणून खलाशांना भेटायला त्यांच्या बायका आणि मुलं आली होती. शेकड्यांनी. ती सगळी त्या दिवशी जहाजावर होती. आठशेहून जास्त माणसं गेली असं म्हणतात, पण नक्की आकडा कधीच लागला नाही, कारण भेटायला आलेल्या बायकांची नावं हजेरीपटावर कोण लिहिणार? सेनापती केंपनफेल्टचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे. बायका मात्र 'इतर' मध्ये.

तर कॉबसाहेबांचं जहाज गेलं. पैसेही गेले. दुसरा एखादा डोक्याला हात लावून बसला असता. याने त्याच वर्षी भंगारात निघालेलं आणखी एक जुनं जहाज विकत घेतलं. त्याचं नाव 'त्रिंकोमाली'. आणि इथून आपली गोष्ट मुंबईला येते.

त्रिंकोमाली हे फ्रिगेट म्हणजे मधल्या आकाराचं लढाऊ जहाज. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी बांधलं. या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतहून काही सुतारांना घेऊन मुंबईला आले. वाडिया या आडनावाचा अर्थच जहाज बांधणारा. तिथे १७५० साली सुकी गोदी झाली. जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी काढून टाकायचं आणि कोरड्यावर काम करायचं. आशियात अशी ती पहिली. सुरतेचे सुतार, मलबारचा साग आणि पैसा इंग्रजांचा, असं ते त्रांगडं.

साग का, याचं कारण साधं आहे. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात ओकची चणचण झाली होती. शिवाय ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळा खातं. सागाच्या अंगात तेल असतं, ते खिळ्याला जपतं. आपल्या आज्ज्यांना हे आरमाराच्या आधीपासून ठाऊक होतं. धान्याची कोठी सागाची, देव्हारा सागाचा, पाळणा सागाचा. कीड लागत नाही आणि पिढ्यान् पिढ्या कुरकुरत नाही.

जहाजाचे नकाशे इंग्लंडहून निघाले ते 'जावा' नावाच्या जहाजातून. वाटेत अमेरिकन जहाजाशी लढाई झाली, जावा बुडालं आणि नकाशेही गेले. दुसरे पाठवावे लागले. कणा बसवला तो १८१६ च्या एप्रिलमध्ये. पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. आपण पायाभरणीत चांदीचा नाग किंवा नाणं घालतो, तसंच. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. तारीख पाहा. बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाई संपत आली. तिकडे मराठी राज्य बुडत होतं आणि इकडे मुंबईत त्याच सरकारचं जहाज तरंगत होतं. इतिहास असा शेजारीशेजारी ठेवून पाहिला की अंगावर काटा येतो.

जमशेटजींच्या बाबतीत एक गोष्ट पारशी घरांत सांगतात. त्यांनी बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे. आणि काळ्याच्या आधी इंग्रज जी शिवी घालायचे तीसुद्धा. पुष्कळ वर्षांनी डागडुजी करताना ते सापडलं. गोष्ट खरी की रचलेली, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. मला ती आवडते. पितळी पट्टी दिसावी म्हणून ठोकतात, आणि याने आपली ओळख दिसू नये अशा जागी कोरली. पण कोरली.

त्रिंकोमाली १८१९ मध्ये इंग्लंडला पोचलं. तोवर नेपोलियनची लढाई संपलेली, मग नव्या जहाजाला काम काय? पंचवीसेक वर्षं ते नुसतंच बांधून ठेवलं. नंतर अटलांटिकमध्ये गेलं, पॅसिफिकमध्ये गेलं, १८५७ साली परत आलं आणि पुढे पोरांना शिकवायची शाळा झालं. १८९७ मध्ये भंगारात निघालं आणि कॉबने घेतलं.

आणि त्याने त्याचं नाव बदललं. आपल्या बुडालेल्या लाडक्या जहाजाची आठवण म्हणून, १९०२ च्या सुमारास, त्रिंकोमालीचं 'फूद्रोयां' झालं. मुंबईच्या सागाला प्लिमथच्या ओकचं नाव.

इथे मला थांबावंसं वाटतं. माझं माहेर सोलापूरकडचं. आम्ही हुमड जैन. पूर्वज कधीतरी गुजरातेतून तिकडे गेले आणि चार-पाच पिढ्यांत पक्के मराठी झाले. माझे सासरे रेल्वेच्या नोकरीमुळे डभोईला राहिले, तेव्हा मी उलट्या वाटेने लग्न होऊन गुजरातेत आले. लग्नात रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, आणि अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. माहेरचं चार अक्षरी नाव गेलं, दोन अक्षरी आलं. तक्रार नाही. ह्यांनी ते नाव हौसेने निवडलं होतं. पण नंतर मला कळलं की घरात त्या नावाची एक धाकटी आत्या होती, लहानपणीच वारली होती. सासूबाई मला हाक मारायच्या तेव्हा कधीकधी त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा. ती हाक पुरती माझ्यासाठी नसायची. वाईट काहीच नव्हतं त्यात, मायाच होती. पण दुसरीच्या नावाने आलेली माया अंगाला जरा सैल बसते. ब्लॅकपूलच्या बुडालेल्या जहाजाचं नाव मुंबईच्या जहाजाला दिलं हे वाचलं तेव्हा मला त्या हाकेची आठवण झाली. तुमच्यापैकी किती जणींना हे कळेल, मला अंदाज आहे.

त्रिंकोमाली मात्र त्या नावाने जवळजवळ नव्वद वर्षं जगलं. फालमथ, मिलफर्ड हेवन, मग पोर्ट्समथ. सुट्टीत येणाऱ्या मुलांना, आणि पुढे मुलींनाही, त्यावर शिडं आणि दोऱ्या शिकवल्या. १९८६ मध्ये ते काम संपलं. १९८७ मध्ये जहाज उत्तरेकडच्या हार्टलपूलला नेलं, १९९० पासून दहा-अकरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली, आणि १९९२ साली त्याला त्याचं मूळ नाव परत मिळालं. आज ब्रिटनमधलं पाण्यावर तरंगणारं सर्वांत जुनं लढाऊ जहाज तेच. आतलं पुष्कळसं लाकूड अजून मुंबईचंच आहे. फूद्रोयां फुटलं आणि डब्या-काठ्यांत वाटलं गेलं. त्याच्या जागी आलेली सागाची सून अजून अख्खी आहे.

मुंबईच्या सगळ्याच जहाजांचं असं भाग्य नव्हतं. 'वेलस्ली' १८१५ मध्ये आपल्याच गोदीत तयार झालं. आसईच्या रणात मराठ्यांना हरवणाऱ्या वेलस्लीचं नाव, आणि तेही मुंबईच्या कारागिरांनी बांधलेल्या जहाजाला! ते दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या सप्टेंबरमध्ये, थेम्स नदीत जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडालं. युद्धानंतर वर काढून फोडलं, आणि त्याचं काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत गेलं. 'गँजेस' म्हणजे आपली गंगा, १८२१ ची. ती १९३० मध्ये मोडली, आणि कप्तानाची केबिन एका बेटावरच्या हॉटेलात जाऊन बसली. लंडनला लिबर्टी नावाचं कापडाचं प्रसिद्ध दुकान आहे. फुलाफुलांची नाजूक कापडं तिथली, फॅशनवाल्या मैत्रिणींना माहीत असतील. त्याची १९२४ ची इमारत दोन मोडलेल्या लढाऊ जहाजांच्या लाकडाने सजवलेली आहे. त्यांतल्या एकाचं नाव 'हिंदुस्तान'. हे काही मुंबईत बांधलेलं नव्हतं, नाव तेवढं आपलं. बायका ज्या जिन्यावरून रेशीम बघत चढतात त्या जिन्याच्या घरात तोफांचं लाकूड आहे. मला यात गंमतही वाटते आणि थोडं बरंही वाटतं.

आता डभोई. आमच्या गावाच्या पूर्वेला हिरा भागोळ आहे. वाघेला राजांच्या काळचा दरवाजा, इतकं कोरीव काम की मान दुखेपर्यंत बघत राहावं. लोककथा अशी की हिरा सलाटाने राजाच्या कामाचे दगड चोरून आपल्या आवडत्या तेनासाठी तलाव बांधला, आणि राजाने चिडून त्याला याच दरवाजाच्या भिंतीत जिवंत चिणलं. पुढे दुसऱ्या कुणाला काम जमेना, तेव्हा त्याला बाहेर काढलं. तो जिवंत होता, कारण कुणीतरी फटीतून त्याला तूप पाजत होतं. कुणी म्हणतं तेना, कुणी म्हणतं बायको. कथा आहे, पुरावा नव्हे. पण जगात किती दरवाजे राजाच्या नावाने आहेत, आणि आमचा दरवाजा गवंड्याच्या नावाने आहे. तेन तलावही आहे, तो बाईच्या नावाने.

याच गावात १७८० ते १७८३ या काळात जेम्स फोर्ब्ज नावाचा इंग्रज अधिकारी होता. जनरल गॉडर्डने मराठ्यांकडून डभोई घेतली आणि कारभार याच्याकडे आला. माणूस चित्रं काढणारा, लिहिणारा. सालबाईच्या तहाने गाव परत मराठ्यांना गेलं आणि फोर्ब्ज निघाला. जाताना इथल्या पडक्या शिल्पांतले काही तुकडे घेऊन गेला, आणि स्टॅनमोर इथल्या आपल्या बागेत तळ्याकाठी छोटं देऊळ करून त्यात ते मांडले. म्हणजे फूद्रोयांच्या पदकांच्या शंभर वर्षं आधी डभोईचं 'स्मृतिचिन्ह' इंग्रजाच्या बागेत पोचलं होतं. त्याचं पुस्तक अभ्यासकांना फार मोलाचं आहे, आणि त्याला आमचं गाव मनापासून आवडलं होतं हेही खरं. आवडलं म्हणूनच तोडून नेलं.

आपल्या जैन बायकांना जवळचं उदाहरण हवं तर पाटणचं घ्या. तिथल्या वाडी पार्श्वनाथाच्या मंदिराचा सागवानी मंडप सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. त्याचा घुमट, त्यावरच्या नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या आकृती, सगळं लाकडात. तो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. डी फॉरेस्ट बंधूंनी १९१६ साली तो संग्रहालयाला दिला. त्यांतला धाकटा भाऊ लॉकवुड, १८८१ पासून अहमदाबादच्या मगनभाई हठीसिंगांबरोबर लाकडी कोरीव कामाचा कारखाना चालवत होता, त्यामुळे गुजरातच्या लाकडाची त्याला चांगली पारख होती. तिथल्या पाटीवर मंदिराचं नाव आहे, देणगीदारांची नावं आहेत. लाकूड सुरक्षित आहे, दिवा-पाणी नीट आहे, लाखो लोक पाहतात. आणि तरी ज्या घुमटाखाली बायका स्तवनं म्हणायच्या तिथे आता म्हणत नाहीत. हे चांगलं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. इथे राहिला असता तर कदाचित वाळवीने खाल्ला असता. कदाचित आजही पूजा चालली असती.

या लाकडाच्या धंद्यात आपण जैन कुठे होतो? शास्त्रात श्रावकाला पंधरा कर्मादानं वर्ज्य सांगितली आहेत. त्यात वनकर्म, म्हणजे झाडं तोडण्याचा धंदा, आणि शकटकर्म, म्हणजे गाड्या-वाहनं बनवण्याचा. जहाज बांधण्यात दोन्ही येतात. म्हणून आपल्या लोकांनी जहाजं फारशी बांधली नाहीत, पण त्यात माल भरपूर भरला. घराचे खांब, झरोके, देव्हारे सागाचे कोरून घेतले, तेव्हा झाड कुणी तोडलं हे विचारलं नाही. मी टीका करत नाही. पण हिशेब लिहायचा तर सगळा लिहावा.

डभोईची या समुद्रकथेशी आणखी एक गाठ आहे, आणि ती मला सगळ्यांत प्रिय. उपाध्याय यशोविजयजींचं देहावसान इथेच झालं. संवत १७४५ मध्ये स्थापलेल्या त्यांच्या पादुका इथे आहेत. आम्ही दिगंबर, ते श्वेतांबर, पण डभोईत राहायचं आणि त्यांना नमस्कार करायचा नाही असं होत नाही. न्यायशास्त्राचा एवढा मोठा पंडित, त्याने घोघा बंदरात संवत १७१७ मध्ये समुद्र आणि वहाण यांचा संवाद रचला. गुजरातीत, साध्या माणसाला कळेल असा. समुद्र आपल्या मोठेपणाचा गर्व करतो, आणि वहाण त्याला उत्तरं देतं. म्हणजे इथे वहाणाला तोंड आहे. ते गप्प बसून कुणाच्या तरी पट्टीची वाट बघत नाही. आणि नवपदाच्या ओळीत वाचतात तो श्रीपाळ रास, विनयविजयजींचा अपुरा राहिलेला, तोही यशोविजयजींनीच पूर्ण केला. त्यातही धवलशेठची वहाणं आहेतच, आणि श्रीपाळाला समुद्रात ढकलण्याचा प्रसंग आहे. ओळीच्या आयंबिलात ऐकताना आमच्या बायका तिथे हमखास 'अरेरे' म्हणतात, दरवर्षी, जणू काही पुढे काय होतं ते माहीत नाही.

गुजरातच्या किनाऱ्यावर फूद्रोयांच्या नऊ वर्षं आधी एक जहाज गेलं. 'वैतरणा'. त्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक त्याला 'वीजळी' म्हणायचे. दोन्ही नावं विजेची, हा योगायोगच. ८ नोव्हेंबर १८८८ ला ते कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालं. आत लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती. वादळात सापडलं ते गेलंच. सातशेच्या वर माणसं. एक फळी, एक प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. डबी करायला तुकडा मिळाला नाही की पदकाला तांबं. मिळाली ती गाणी. काठियावाडात बायका ती अजून गातात, कप्तान हाजी कासमचं नाव घेऊन. फूद्रोयांत एकही माणूस गेला नाही आणि तिच्या वस्तू जगभर आहेत.

हल्ली जुन्या जहाजाचं सामान हवं असेल तर आम्हाला इंग्लंड लांब नाही. भावनगरजवळ अलंगला १९८३ पासून जहाजं मोडतात, आणि तिथे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही अंगांनी त्यांच्या सामानाची दुकानं आहेत. कपाटं, खुर्च्या, कपबश्या, गाद्या. आमच्याकडेही तिथून आलेलं एक लहान कपाट आहे, कळशीएवढ्या किमतीत मिळालेलं. त्याच्या दाराच्या आत कुणीतरी परक्या लिपीत पेनने चार ओळी लिहिल्या आहेत. रंग द्यायला आलेल्या माणसाला मी तेवढा भाग सोडायला सांगितला.

मागच्या वर्षी नातीच्या पाळण्यासाठी आम्ही संखेड्याला गेलो. डभोईहून जवळच. तिथले खरादी सागाचं लाकूड चरकावर फिरवून गोल करतात, त्यावर कथलाच्या लगद्याने नक्षी काढतात आणि वर लाखेचा हात देतात, की पांढरी नक्षी सोन्यासारखी पिवळी दिसते. म्हातारे कारागीर होते. मी म्हटलं, भाई, तुम्ही तुमचं नाव कुठे घालता? ते म्हणाले, नाव कशाला? दुकानाचं लेबल मुलगा लावील. मी म्हटलं, लेबल पडून जातं. तुम्ही स्वतः काहीच लिहीत नाही? त्यांनी पाळण्याचा एक पाय उलटा करून दाखवला. तळाला पेन्सिलीने आकडा होता. जोडताना पाय उलटसुलट होऊ नयेत म्हणून घालतात तो. चारही पायांवर त्यांच्याच अक्षरात. मी त्यांना तिथेच शेजारी नाव आणि साल लिहायला लावलं. ते हसले, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं. लाख चढायची राहिलेली होती, ती त्याच्यावरून चढवली.